सावलीतला चारा

जबलपूरहून नागपूरकडे निघालेला रस्ता तिलवारा घाटाशी नर्मदा ओलांडतो. तिथून प्रवाहाबरोबर थोडं खाली गेलं की लमेटा घाट लागतो. संक्रांतीच्या जत्रेला तिलवाऱ्यावर लोटणारी गर्दी सहसा तिकडे वळत नाही, पण भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत मान आहे तो लमेट्याला. डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात साचलेल्या एका खडकथराला याच घाटाचं नाव दिलेलं आहे. तोच थर दक्षिणेला सव्वातीनशे किलोमीटरवर, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावी उघडा पडला आहे. पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी या चौघांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पानांतले सिलिकाचे कण आढळले. 2005 साली 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि गवत डायनोसॉरांनंतर आलं ही जुनी समजूत मोडली.

त्या गोळ्यांतली दुसरी गोष्ट मात्र मथळ्यांत आली नाही. गवत होतं, पण थोडं. बाकीचा ऐवज झाडांचा होता. गवतही खायचं आणि झाडांवरही पोट भरायचं, ही रीत त्या अजस्र प्राण्यांची होती. आज त्याच नर्मदेकाठच्या टेकड्यांवरची चितळं-सांबरं थोड्याफार फरकाने तीच पाळतात. झाडांच्या सावलीत हरणांसाठी काय लावावं, या प्रश्नाचं उत्तर शोधताना ही रीत विसरली की माणूस सरळ गवताचं किंवा बरसीमचं बी आणायला बाजारात जातो.

बी आणून पेरण्याची कल्पना मूळची आपली नाही. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार कायदेशीर आहे आणि रानाचे तुकडे बऱ्याचदा खासगी मालकीचे असतात. तिथला शिकारी आपल्या रानात एखादा एकर मोकळा करतो, मातीचा सामू तपासतो, चुनखडी टाकतो आणि हरणांसाठी चारा पेरतो. उन्हाची जागा असेल तर सोयाबीन, मका. सावलीची असेल तर पांढरा क्लोव्हर, चिकोरी, ओट, राय. सावलीसाठी खास म्हणून बियाण्यांची मिश्रणंही तिथे विकली जातात. ती विकणारेही दिवसातून काही तास थेट ऊन मिळालं पाहिजे ही अट घालतात. म्हणजे सावलीचं बियाणं असं ज्याला म्हणतात, ते खरं तर कमी उन्हाचं बियाणं असतं. शिवाय ही सगळी पिकं थंड हवेची, सावकाश वितळणाऱ्या बर्फाच्या आणि बारमाही ओलाव्याच्या मुलखातली. जबलपूरला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे 1,300 मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. तिथे क्लोव्हर एप्रिलही बघणार नाही.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्नच मिटवला. मग इथे हे ज्ञान कुणाला लागतं? ज्याच्या बीटमध्ये सागाचं जुनं रोपवन आहे आणि उन्हाळ्यात चितळं उठून गावाच्या शेतात जातात, अशा वनरक्षकाला. ज्या संस्थेच्या आवाराला रान लागून आहे, तिच्या माळ्याला. जबलपूर महापालिकेच्या ताब्यातल्या डुमना निसर्ग उद्यानासारख्या जागेला, जिथे खंदारी जलाशयाभोवतीच्या हजारभर हेक्टर रानात चितळं अगदी शहराला खेटून राहतात. आणि ज्याने शेताच्या टोकाला दोन-चार एकर झाडोरा हौसेने राखला आहे अशा माणसाला, पण त्याच्याविषयी मला शेवटी थोडं वेगळं बोलायचं आहे.

प्रथम खाणाऱ्याची ओळख करून घेऊ. हरणं सगळी रवंथ करणारी, चार कप्प्यांच्या पोटाची, पण त्यांची तोंडं वेगळी असतात. बारशिंगा जवळपास पूर्णपणे गवतावर जगतो. त्याला सावलीतला चारा देऊन काही उपयोग नाही. त्याला उघडं, ओलसर, उंच गवत लागतं, कारण त्याची पाडसंही त्यातच लपतात. दुसऱ्या टोकाला भेकर. ते एकटं, दाट झाडीत राहणारं, वेचून खाणारं: कोवळी पानं, फुलं, खाली पडलेली फळं. चितळ आणि सांबर मधले. चितळ गवताकडे झुकलेलं, तर सांबर पाला, डहाळ्या आणि सालीकडे. पावसाळ्यात गवत कोवळं असतं तोवर चितळ गवत खातं. ते पिवळं पडलं की झाडाखाली येतं. या बदलामागे जठराचं गणित आहे. चाऱ्यातलं प्रथिनांचं प्रमाण साधारण सहा-सात टक्क्यांच्या खाली गेलं की पोटातल्या सूक्ष्मजीवांचीच उपासमार होते आणि पोट भरलेलं असूनही जनावर खंगतं. मध्य भारतात वाळलेलं गवत उन्हाळ्यात याच रेषेखाली जातं. तेव्हा नीट विचारायचं तर प्रश्न असा विचारावा लागेल: एप्रिल ते जून या दिवसांत चितळ-सांबराला प्रथिनं आणि साखर कुठून मिळणार?

नीलगाय आणि चौशिंगा या हिशेबात मी धरलेले नाहीत. ती हरणं नव्हेतच, आणि नीलगायीला चारा लावून बोलावण्याची वेळ नर्मदेकाठच्या शेतकऱ्यावर कधी येणार नाही.

आता उजेडाकडे वळू. भर दुपारच्या मोकळ्या उन्हाची तीव्रता लाखभर लक्स असते. दाट छत्राखालच्या जमिनीवर त्यातले दोन-चार टक्केच पोहोचतात. आपल्या माळरानांवरची बहुतेक गवतं (कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल) ज्या पद्धतीने अन्न बनवतात तिला वनस्पतिशास्त्रात सी-4 म्हणतात. ही पद्धत उन्हाची भुकेली आहे. ऊन जितकं वाढेल तितकी ही गवतं जोमाने वाढतात, आणि सावलीत तितक्याच वेगाने हरतात. जुनी पद्धत सी-3 ची. तिच्या वनस्पतींना थोड्या उजेडातच पोटभर होतं, त्यापुढचं ऊन वाया जातं. बांबू या जुन्या पद्धतीचा. जंगलाच्या तळाशी पसरणारं, बांबूसारख्या रुंद, किंचित लहरी पानांचं ऑप्लिस्मेनस हे गवतही तसंच. पावसाळ्यात सालाच्या रानात पायाखाली जे मऊ हिरवं गवत लागतं त्यात ते हमखास असतं. जनावरं ते कोवळेपणी खातात, पण ते इतकं बुटकं आणि विरळ असतं की त्यावर कळपाचं पोट भरत नाही.

याहून मोठी अडचण निराळीच आहे आणि ती बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेली नसते. सावलीत वाढणाऱ्या झाडाला एकेक पान महाग पडतं. उजेड कमी, म्हणून वाढ हळू. वाढ हळू, म्हणून गमावलेलं पान भरून यायला वेळ लागतो. तेव्हा अशा वनस्पती आपली पानं राखायला टॅनिन, अल्कलॉइड, कडू-तिखट तेलं यांवर जास्त खर्च करतात. फिलिस कोली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1985 साली हा विचार नीट मांडला आणि तो तेव्हापासून जगभरच्या जंगलांत तपासला गेला आहे. आपल्या शेतकऱ्याला तो आधीच ठाऊक होता. आंब्याच्या सावलीत तो हळद आणि आलं लावतो. ती तिथे छान येतात आणि रानातली जनावरं त्यांना तोंड लावत नाहीत. सावलीत जे सुखाने जगतं ते बहुधा खायचं नसतं, आणि जे खायचं असतं ते सावलीत झुरतं. या दोन टोकांच्या मध्ये जे थोडं उरतं त्याचीच निवड करायची असते.

सावलीही एक प्रकारची नसते. तिलवाऱ्याच्या दक्षिणेला, बरगीच्या बाजूच्या टेकड्यांवर सागाचं कोरडं पानगळी रान आहे. पूर्वेला मंडला-कान्ह्याकडे गेलं की साल सुरू होतो. सालाची पानं मार्च-एप्रिलच्या सुमारास बदलतात, पण झाड पूर्ण उघडं पडत नाही. त्याची सावली वर्षभर मध्यम आणि खालची जमीन ओलसर. सागाचं वागणं अगदी उलटं. फेब्रुवारी ते मे साग निष्पर्ण असतो, म्हणजे जमिनीवर भरपूर ऊन येतं, पण तेव्हा पाणी नसतं. जूनमध्ये पाणी येतं आणि त्याच वेळी सागाची परातीएवढी पानं छत्र बंद करून टाकतात. गवताला ऊन हवं तेव्हा पाणी नाही, पाणी आहे तेव्हा ऊन नाही. सागाच्या दाट रोपवनाखाली जमीन उघडीबोडकी का दिसते याचं हे साधं कारण आहे. अशा जागी कितीही महागडं बियाणं ओता, पैसे मातीत जातात. तिथे पहिलं काम विरळणीचं. ते वनविभागाच्या कार्य आयोजनेनुसार व्हायला हवं, आपल्या मनाने झाडं पाडून नव्हे. विरळणी शक्य नसेल तर त्या तुकड्याचा नाद सोडून द्यावा.

जागा पारखायची सोपी रीत सांगतो. सप्टेंबरात, छत्र भरलेलं असताना, भर दुपारी त्या जागी उभं राहावं. पायाशी आपली रेखीव सावली पडत असेल तर तिथे गवत येईल. सावली पुसट, उन्हाच्या कवडशांनी तुटलेली असेल तर झुडपं आणि काही शेंगावर्गी वनस्पती येतील. सावलीच दिसत नसेल, सगळीकडे सारखा हिरवट अंधार असेल, तर जमिनीवर काही लावायचं नाही.

मग हरणांनी खायचं काय? वर बघा. मध्य भारताच्या रानात सावलीतला चारा बहुतांशी वरून पडतो. तो झाडाच्या शेंड्याला, भरपूर उन्हात तयार होतो आणि सावलीत वाढला जातो, जणू माडीवर रांधलेलं जेवण ओसरीवर वाढावं. म्हणून सावलीच्या तुकड्यासाठी निवड करायची ती प्रामुख्याने झाडांची, आणि ती करताना झाड कोणत्या महिन्यात काय टाकतं हे बघायचं.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून हा हिशेब मांडू. पळस आणि काटेसावर तेव्हा फुलतात. काटेसावरीची मांसल, लाल फुलं टपटप पडू लागली की चितळं त्या झाडाखालून हलत नाहीत. पळसाची फुलंही ती खातात. पळस तर कुणी न लावता येतो, तोडला तरी खोडापासून फुटतो, पाणथळ काळ्या जमिनीतही तग धरतो. त्याला कुणी निवडत नाही कारण तो फुकट मिळतो. मी मात्र त्याला पहिल्या पाचांत ठेवीन.

मार्च-एप्रिल मोहाचे. मोहाची फुलं रात्री उशिरा आणि पहाटे गळतात. साखरेने भरलेल्या या फुलांसाठी अस्वल, सांबर, चितळ, भेकर सगळे येतात, आणि टोपली घेऊन गोंड बायकाही त्याच वेळी येतात. झाड एकच आणि वाटेकरी अनेक, म्हणून इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पाचोळा पेटवायची पद्धत अजून चालू आहे. त्या आगीत मोहाची स्वतःची रोपं जळतात, खालची झुडपं जळतात, आणि कित्येकदा वणवा रानभर जातो. हरणांसाठी मोह राखायचा असेल तर गावाशी बोलून पाचोळा झाडून घ्यायची रीत बसवावी. कडेच्या झाडांचा मोह गावाला आणि आतल्या झाडांचा रानाला, एवढी साधी वाटणी पुष्कळ काम करते.

एप्रिल ते जून हा खरा कसोटीचा काळ. चारोळी, टेंभुर्णी आणि शेवटी जांभूळ या दिवसांत पिकतात. पण या काळातला खरा आधार उंबर आणि त्याचे भाऊबंद: वड, पिंपळ, पाखर. एका जातीची सगळी झाडं एकदम फळत नाहीत. आज हे, पुढच्या महिन्यात ते, असा क्रम चालतो आणि वर्षातला एकही महिना रानात कुठेतरी उंबर पिकलेलं नाही असा जात नाही. ओढ्याकाठी तीन-चार उंबरं असणं हे कोणत्याही पेरलेल्या तुकड्यापेक्षा मोलाचं. शिवाय या झाडांवर वानरं येतात. वानर मोठं उधळं खाणारं. अर्धं खातं, अर्धं टाकतं, कोवळ्या डहाळ्या मोडून खाली सोडतं. चितळ आणि वानरांची ही सोबत कान्ह्यात 1980 च्या दशकात पॉल न्यूटन यांनी बारकाईने अभ्यासली. चितळांना पाला-फळं मिळतात, आणि वाघ-बिबट्याची चाहूल लागली की दोघंही एकमेकांच्या इशाऱ्याने सावध होतात. ज्या झाडावर वानर रमतं ते झाड हरणांसाठी निवडावं, हा माझ्या मते या विषयातला सगळ्यांत भरवशाचा नियम आहे.

पावसाळ्यात सावलीच्या तुकड्याला सुट्टी. हरणं तेव्हा उघड्यावर कोवळ्या गवतात असतात. हिवाळ्यात बोर, आवळा आणि बेहडा. आवळा भेकरांचा आणि चितळांचा लाडका. गर खाऊन त्याच्या कठीण आठळ्या ती रवंथ करताना दुसरीकडे टाकतात आणि आवळ्याचा प्रसार करतात. बोर सावलीत फळत नाही, म्हणून त्याची जागा कडेला. त्याची काटेरी जाळी तुकड्याला कुंपणही पुरवते.

झाडांनंतर मधला मजला, म्हणजे हरणाच्या तोंडाच्या उंचीवरची झुडपं. मुरुडशेंग सागाच्या सावलीत चांगली वाढते आणि सांबर तिची पानं ओरबाडतं. धामण आणि फालशाच्या कुळातली झुडपं, आपटा, आणि सालाच्या रानात झाडांवर चढणारा माहुलाचा वेल हे सारे पाला पुरवणारे. आपटा छाटला की पुन्हा फुटतो. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्या काही फांद्या कमरेएवढ्या उंचीवर कापल्या तर नवी फूट हरणांच्या तोंडाशी येते.

बांबूला वेगळा परिच्छेद हवा. मध्य भारतातला भरीव, बारीक मानवेल बांबू कवडशाच्या सावलीत वाढतो, त्याचा पाला कोरड्या दिवसांतही हिरवा राहतो आणि बेटाखाली दुपारची थंड जागा मिळते. हरण सावलीत मुख्यतः चरायला येत नाही. ते रवंथ करायला आणि लपायला येतं, आणि बांबू हे दोन्ही देतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नवे कोंब पावसाळ्यात निघतात आणि ते इतके गोड असतात की कळप असेल तर एकही कोंब काठी होत नाही. म्हणून पहिली तीन-चार वर्षं बेटाला काट्यांचं भक्कम कुंपण हवं. दुसरी गोष्ट, बांबू काही दशकांनी एकदम फुलतो आणि मरतो. सगळा तुकडा एकाच पिढीच्या बांबूने भरला तर एका वर्षी सगळंच संपेल आणि वाळलेल्या बेटांना आग लागायला वेळ लागणार नाही.

जमिनीवर पेरण्यासारखं उरतं ते थोडं. क्लोव्हरच्या जागी आपल्याकडे कोण, असं विचाराल तर मी सालवणीचं नाव घेईन. आयुर्वेदातली ही शालपर्णी शेंगावर्गातली आहे, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देते आणि साल-सागाच्या सावलीत आपसूक उगवते. तिच्याने ढीगभर चारा होत नाही. पण ती इथली आहे, तिला खत-पाणी लागत नाही, आणि तिच्या शेंगा जनावरांच्या अंगाला चिकटून आपोआप पसरतात.  अर्धवट सावलीतल्या गवताचं एकूण वजन कमी भरलं तरी त्यातलं प्रथिनांचं प्रमाण अनेकदा उन्हातल्या गवतापेक्षा जास्त असतं आणि ते उशिरा वाळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चितळं रानाच्या कडेला दिसतात त्याचं हेही एक कारण.

काय लावू नये हे सांगताना मला संकोच नाही. बरसीम नको: त्याला हिवाळाभर पाणी आणि मोकळं ऊन लागतं, आणि कोवळं बरसीम अचानक भरपूर खाल्लं की रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट फुगतं. कोवळी ज्वारी नको, तिच्यात सायनाइड तयार होतं. सुबाभूळ नको; तिच्या पाल्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असतं आणि एकदा ती रानात शिरली की बाहेर काढता येत नाही. गिनी गवत सावलीत उत्तम येतं, म्हणून चारापिकांची पुस्तकं त्याची शिफारस करतात. गोठ्यामागच्या वाफ्यात ते ठीक आहे. रानात मात्र ते परदेशी गवत स्थानिक गवतांना दाबून टाकतं. जे सावलीत फारच उत्तम येतं असं कुणी सांगेल, त्याकडे संशयाने बघावं.

आणि घाणेरी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून ती भारतात आणली गेली, आणि आज मध्य भारतातल्या सावलीच्या रानांचा तळमजला बहुतांश तिच्या ताब्यात आहे. तिचा पाला हरणांना विषारी. ती काढल्याशिवाय वरचा कोणताही सल्ला उपयोगाचा नाही. नुसती कापली तर बुंध्यापासून दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू यांनी सुचवलेली रीत अशी: मुख्य मूळ जमिनीच्या थोडं खाली, जिथून फुटवे निघतात त्या भागाखाली तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून उलटं टाकायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. काम मे महिन्यात नव्हे तर पावसाळ्याच्या तोंडाला करावं, आणि मोकळी झालेली जमीन रिकामी ठेवू नये. ठेवली तर रानतुळस आणि तरोटा येऊन बसतात.

एवढं करूनही सावलीचा तुकडा कुरणाची जागा घेऊ शकत नाही. कान्ह्याची गोष्ट याची साक्ष आहे. 1970 साली तिथल्या कठीण जमिनीवरच्या बारशिंग्यांची संख्या 66 वर आली होती. ही उपजात जगात दुसरीकडे कुठेच उरली नव्हती. त्यांना वाचवलं ते मोकळ्या गवताने: सौंफसारखी गावं बाहेर वसवली गेली, त्यांची शेतं कुरणं झाली, गवत जाळण्यावर आणि गुरचराईवर नियंत्रण आलं. आज तिथे बारशिंगे हजाराच्या आसपास आहेत आणि तिथूनच ते सातपुडा आणि बांधवगडला नेले गेले. मेळघाटातही कोहा, कुंड, बोरी ही गावं उठल्यावर त्यांच्या जागी कुरणं तयार झाली. अमरावती जिल्ह्यातले गवताचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांनी मेळघाटापासून मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांपर्यंत अशी कुरणं उभी करण्याचं काम केलं आहे. या कामाची पद्धत बियाण्यांच्या दुकानाला बगल देणारी असते: जवळच्या चांगल्या कुरणातून स्थानिक गवतांचं बी गोळा करायचं, ठोंबं लावायची, तण हातांनी काढायचं, आणि पहिली दोन वर्षं जनावर आत सोडायचं नाही. तुमच्या सावलीच्या तुकड्याला लागून अर्धा एकर उघडी जागा असेल तर हे तिथे करा. हरण कडेचा प्राणी आहे. एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला लपायला झाडी, अशी लांबट पट्टी चौकोनी तुकड्यापेक्षा नेहमी सरस ठरते.

आता तो हौशी शेतकरी. तिलवाऱ्याच्या आसपास त्याची जमीन असेल तर नदीकाठची काळी माती, आणि हिवाळ्यात चहूकडे वाटाणा, हरभरा, गहू. जबलपूरच्या हिरव्या वाटाण्याला दूरदूरच्या बाजारांत मागणी आहे आणि चितळांचंही त्याबाबत दुमत नाही. शेताच्या बांधावर हरणांसाठी काहीही लावलं तर ती ते खाऊन थेट शेजाऱ्याच्या वाटाण्यात उतरतील. मग विजेच्या तारा लागतील, फास लागतील, मोकाट कुत्री मागे लागतील, आणि हरणांमागे बिबट्या वस्तीजवळ येईल. जिथे रान अखंड नाही, जिथे शेजाऱ्याचं पीक दोनशे पावलांवर आहे, तिथे हरणांना बोलावू नये. तिथे मोह, उंबर, आवळा जरूर लावा, पण पाखरांसाठी आणि स्वतःसाठी. हरणांचा तुकडा रानाच्या पोटात हवा, पाण्याजवळ हवा आणि रस्त्यापासून लांब हवा.

झाडांची निवड झाली की घाई करू नका आणि उशीरही करू नका. बोर तीन-चार वर्षांत फळतं, आवळ्याला त्याहून जास्त, मोहाला दहा-पंधरा. उंबराची जाड फांदी पावसाळ्यात रोवली तरी जगते. मोहाचं आणि जांभळाचं बी साठवून टिकत नाही. पडलं की त्याच पावसाळ्यात लावावं लागतं. प्रत्येक रोपाभोवती बोराच्या फांद्यांचं, सांबराची मान पोहोचणार नाही इतकं उंच कुंपण पहिली काही वर्षं ठेवा, आणि उन्हाळ्याआधी भोवतीचा पाचोळा ओढून जाळरेषा साफ करा. कोणती रोपं, कोणत्या मातीत, हे विचारायला जबलपूरकरांना लांब जावं लागत नाही: पोलीपाथरची राज्य वन संशोधन संस्था 1963 पासून आहे आणि मंडला रस्त्यावरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था 1988 पासून. बियाण्याच्या दुकानात जाण्याआधी तिथे एक फेरी मारा.